बाराशे वॅटचं स्टिकर

आखाडा बाळापुरात बुद्धभूषण पाईकरावला चेहऱ्यानं ओळखणारी माणसं थोडी, पण आवाजानं ओळखणारी अख्खी पंचक्रोशी. कुणाला काही गावभर सांगायचं असलं की त्याची रिक्षा निघायची. टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. पायाशी बॅटरीला जोडलेला अॅम्प्लिफायर, ज्याला त्याच्या धंद्यातले सगळे नुसतं मशीन म्हणायचे. आणि डाव्या हातात माइक. लेकरांचे डोस, ग्रामसभा, चुकलेली म्हैस, साड्यांचा सेल, मयतीची वेळ, सगळं तोच सांगायचा.

आणि याच माणसाला आवाजाचा तिटकारा होता. घरात पाऊल टाकलं की आधी टीव्ही बंद. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत हाच उठून गॅस बंद करायचा आणि डाळ कच्ची राहिली म्हणून बायकोची, करुणाची, बोलणी खायचा. लग्नसराईत डीजेची गाडी समोरून आली की त्याला ते सोसायचं नाही. छातीवर बसणारे ते ठोके, थरथरणाऱ्या काचा, गाडीमागं घामेजून झिंगलेली माणसं. तो रिक्षा एखाद्या बोळात घालायचा आणि कानावर हात ठेवून बसायचा. लोक हसायचे, म्हणायचे, भोंगेवाला असून आवाजाला भेतो.

"भेत न्हाई," तो म्हणायचा. "किळस येते."

त्याच्या बापाला, नरसिंगला, मुळात या धंद्याचीच किळस होती. तिचं कारण जुनं होतं. नरसिंगचा बाप गावात दवंडी द्यायचा. हौसेनं नाही, जातीनं गळ्यात टाकलेलं काम. वाड्यावरून निरोप आला की हलगी घ्यायची, उन्हातान्हात गावभर फिरून सांगायचं आणि दिवस मावळताना दारोदार उभं राहून शिळी भाकर घ्यायची, तीही वरून टाकलेली. बौद्ध झाले त्या वर्षी म्हाताऱ्यानं ती हलगी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. कातडं जळतानाचा तो वास सात वर्षांच्या नरसिंगच्या नाकात गेला तो गेलाच. पुढं नरसिंग शिकला, हायस्कुलात शिपाई झाला, इस्त्रीच्या कपड्यात नोकरी करून पेन्शनीत आला. आणि पोरानं काय केलं, तर रिक्षेवर भोंगा बांधला.

"आमी ज्याच्यातून बाहेर पडलो, त्याच्यातच तू पेट्रोल घालून फिरून राहिला," नरसिंग म्हणायचा.

"बा, मी पावती देतो. पावतीवर माझं नाव हाय. कुणाच्या दारात उभा राहत न्हाई."

"पावतीनं काय होतं? लोक काय म्हणतात? दवंडीवाला आला म्हणतात."

आणि लोक तसं म्हणतच होते.

त्याचं जुनं मशीन अकरा वर्षं चाललं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी, भर बाजारच्या दिवशी, ते गेलं. कापडदुकानाचा सेल सांगता सांगता मधेच आवाज बसला, मग कापूस जळावा तसा वास आला आणि जाळीतून धूर निघाला. दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. त्याला मशीनचं दुःख नव्हतं.

"बरं झालं गेलं ते," तो म्हणाला. "तसाबी तुझा आवाज बारीकच होता. त्या जगनचं बघ. त्याची रिक्षा स्टँडवर असली तर माझ्या दुकानातले हँगर हालतात. मोठं मशीन घे, न्हाईतर सांग, मी जगनला लावतो."

जगन हा दुसरा रिक्षावाला. आदल्या दिवाळीपासून त्यानं या धंद्यात उडी घेतली होती. त्याच्या भोंग्यातून एकेक शब्द पाच-पाच वेळा घुमायचा, मधूनच सायरन वाजायचा, घोडा खिंकाळायचा. ते ऐकलं की बुद्धभूषणला आंबलेलं काहीतरी तोंडात आल्यासारखं व्हायचं. पण दुकानदार एकेक करून जगनकडं वळत होते, हेही त्याला दिसत होतं.

तो हिंगोलीला गेला. दुकान अरुंद होतं, जमिनीपासून छतापर्यंत मशीनंच मशीनं. निळे, लाल, हिरवे दिवे एकसारखे लुकलुकत होते आणि सहा-सात मशीनं एकाच वेळी वेगवेगळं बोलत होती. काउंटरवरच्या माणसाला सगळे मुन्ना म्हणत. त्याच्या गालात गुटखा होता. बोलायच्या आधी तो वाकून काउंटरखालच्या डब्यात थुंकायचा, हातानं तोंड पुसायचा आणि तोच हात शर्टाला पुसून गिऱ्हाइकाला मशीन दाखवायचा.

"मला बोलण्यासाठी पायजे," बुद्धभूषण म्हणाला. "गाणे न्हाई. लहान चालंल. रिक्षेच्या बॅटरीवर चालणारं, शब्द साफ येणारं."

"लहान?" मुन्ना हसला. "भाऊ, लहान कोण लेता है आजकल? ये देखो. बारह सौ वॅट. एको है, बेस है, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, सायरन. पूरा बालापूर हिला दोगे."

"मला बाळापूर हलवायचं न्हाई."

"तो धंदा काहे को करते?"

मशीनच्या तोंडावर सोनेरी अक्षरांत १२०० वॅट लिहिलेलं स्टिकर होतं, एक कोपरा जरा उचललेला. हातात घेतलं तर चांगलं जड होतं. बुद्धभूषणला त्या दुकानाची, त्या डब्याची, त्या दिव्यांची शिसारी येत होती. त्याचं मन सांगत होतं की निघ इथून. पण हँगर हालतात म्हणणारा दुकानदार डोळ्यांपुढं होता. त्यानं मशीन घेतलं. रिक्षेत ठेवताना हाताला काहीतरी चिकट लागलं म्हणून त्यानं तीन वेळा हात धुतला.

पहिल्याच बाजारात लोक वळून बघायला लागले. बुद्धभूषणनं शब्द घुमवणारा एको अर्ध्यावर ठेवला आणि आवाजाचं बटण जवळजवळ शेवटापर्यंत नेलं. भोंगे असे कडाडले की हातगाड्यांवरचे लोक दचकले. कापडदुकानदारानं दुकानातूनच अंगठा वर केला. खोटं कशाला सांगा, बुद्धभूषणलाही बरं वाटलं. ज्या आवाजाची किळस यायची तोच आपल्या हातातून निघाला तेव्हा किळस जरा बाजूला सरकली. ही गोष्ट पुढं त्याला फार बोचली.

करुणा अंगणवाडीत होती. त्या दिवशी ती भाजी घ्यायला बाजारात आली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "आवाज लय येऊन राहिला तुमचा. बोलणं न्हाई आलं."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमी बोलून राहिले एवढं कळलं. काय बोलून राहिले ते न्हाई कळलं."

"तू भाजीच्या गलबल्यात होती."

"आधीच्या मशीनवर गलबल्यातबी कळायचं."

दुसऱ्या दिवशी त्यानं आवाज आणखी वाढवला.

पुढच्या आठवड्यात चार दिवस पाऊस धरून बसला. बाळापूरहून सहा-सात किलोमीटरवर ओढ्याकाठी एक गाव आहे. नाव घेत नाही. माणसं अजून तिथंच राहतात. ओढ्याचं पाणी गावात शिरलं, उकिरडे, संडासाचे खड्डे सगळं घेऊन पिण्याच्या विहिरीत उतरलं. दोन दिवसांनी पाणी ओसरलं. विहीर वरून निवळ दिसायला लागली आणि नळाला त्याच विहिरीचं पाणी सुटलं.

तिथल्या आरोग्यसेविका निलमताई यांनी सकाळीच बुद्धभूषणला फोन केला. तो पोचला तेव्हा त्या गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. त्यांनी वहीचा कागद फाडून दिला. त्यावर चारच ओळी होत्या. विहिरीचं आणि नळाचं पाणी पिऊ नका. टँकर सकाळी आठ आणि दुपारी चार वाजता शाळेपाशी येईल. टँकर नसेल तर पाणी उकळून गार केल्याशिवाय थेंबही तोंडात घालू नका. जुलाब-उलटी लागली तर लगेच कळवा.

"गल्ली सोडू नका एकबी," निलमताई म्हणाल्या. "मी घरोघर जाऊन राहिले, पण एकटीला चार दिवस लागतील."

बुद्धभूषणनं गावाला तीन फेऱ्या मारल्या. पावसाची भुरभुर चालूच होती, पत्र्यांवर थेंब वाजत होते, म्हणून त्यानं बटण पार शेवटाला नेलं. इंजिन चालू, रिक्षा चालू, माइक तोंडाशी. भोंगे फाटल्यासारखे कडाडत होते. एका दारात दोघी-तिघी बायका आल्या, त्याच्याकडं बघून हसल्या आणि आत गेल्या. त्याला वाटलं, कळलं यांना. पुढं एक म्हातारा ओट्यावरून हात हालवून काहीतरी विचारत होता. बुद्धभूषणनं न थांबता वरच्या भोंग्याकडं बोट दाखवलं, म्हणजे ऐका. म्हाताऱ्यानं मान हलवली. दुपारपर्यंत काम संपवून तो बाळापूरला परत आला. काम चोख झालं असं त्याला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी त्या गावातली पन्नासावर माणसं दवाखान्यात होती. खाटा संपल्या तेव्हा व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. निलमताईंनी माणसं ने-आण करायला मिळतील त्या रिक्षा बोलावल्या, त्यात बुद्धभूषणही गेला. त्याच्या मागच्या सीटवर एका फेरीत दोघांना उलट्या झाल्या. त्यानं फडक्यानं सीट पुसली, फिनेल टाकलं, पण तो आंबूस वास कपड्यांत, केसांत, हाताच्या रेषांत बसला. व्हरांड्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात सलाईन लावलेली एक म्हातारी पडली होती. तिचं नाव गोजरबाई. दोन एकर हळदीवर आयुष्य काढलेली बाई. बोटं अजून पिवळीच होती. बुद्धभूषण तिच्या शेजारच्या पेशंटला खाली ठेवत होता तेव्हा तिनं डोळे उघडले.

"तू भोंगेवाला न्हवं?" ती म्हणाली.

"व्हय, आजी."

"आल्ता तू परवा आमच्या गल्लीत."

"आल्तो ना. सांगितलं व्हतं मी. पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं व्हतं. मग काहून पेल्या तुमी?"

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"पान्याचं व्हय ते?" ती म्हणाली. "आमच्या सुना म्हनल्या, साड्यांचा सेल लागला. मालक म्हनले, एवढ्या पावसात कसला सेल. इचारलं बी तुला त्यायनं. तू वर बोट दावलं. आमाला वाटलं, वरच्या आळीला लागला आसंल."

बुद्धभूषणच्या डोळ्यांपुढं ओट्यावरून हात हालवणारा म्हातारा आला.

"मालक कुठं हायेत?"

"गेले की. आज सकाळच्याला. न्हेलं त्यायला घरी." आणि तिनं डोळे मिटले.

मालकांचं नाव तातेराव. वय पंच्याहत्तर. निलमताईंनी बुद्धभूषणला बाजूला घेऊन समजावलं की त्यांना शुगर होती, हृदयाचं दुखणं होतं, एकट्या पाण्यानंच गेले असं कुणाला म्हणता येणार नाही. त्यांचं बोलणं खरंच होतं. पण बुद्धभूषणला ते चालेना. कुणी म्हणालं असतं की तुझ्यामुळंच गेले, तर त्याला निदान भांडता आलं असतं. इथं कुणी काही म्हणतच नव्हतं.

त्या दिवशी तो घरी आला, दोन वेळा आंघोळ केली, आणि करुणानं वाढलेलं ताट बाजूला सारलं. त्याला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती. अंगठा वर करणारा दुकानदार आठवला, आणि त्या अंगठ्यानं आपल्याला झालेला आनंद आठवला.

"तू म्हणली व्हती," तो करुणाला म्हणाला.

"मी बाजारातलं म्हणले व्हते," करुणा म्हणाली. "असं व्हईल हे मला तरी कुठं ठावं व्हतं?" तिनं ताट उचललं नाही. परत त्याच्यापुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन वसमतला वैजनाथकाकांकडं गेला. वैजनाथ पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले तरी दुकान राहिलं; आता पंखे, मोटारी आणि क्वचित मशीनं यायची. चष्मा कपाळावर, हातात कायम डाग द्यायची तापलेली सळई. त्यांनी मशीन टेबलावर घेतलं, मागं फिरवलं आणि फ्यूज काढून उजेडात धरला.

"भूषण, तुझ्या रिक्षेची बॅटरी किती व्होल्टची?"

"बाराची."

"आणि हा फ्यूज पाच अँपियरचा. बारा गुणिले पाच?"

"साठ."

"म्हंजे लय झाले तर साठ वॅट आत जातील. त्यातले बी सगळे बाहेर निघत न्हाईत, निम्मे तापण्यात जातात. मग ह्यानं हे बाराशे कुठून आणले? त्याच्या सासऱ्याकडून?"

त्यांनी चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत तळहाताएवढी एक पट्टी, तिच्यावर चार-दोन बारके भाग आणि दिव्यांच्या वायरींचा गुंता. बाकी डबा रिकामा. आणि तळाला, चिकटवून बसवलेला, सिमेंटचा एक चांगला मोठा गोळा.

"हे काय हाय?" बुद्धभूषणनं विचारलं, जरी त्याला दिसत होतं.

"वजन," वैजनाथ म्हणाले. "मशीन जड लागलं की गिऱ्हाइकाला वाटतं आत माल हाय."

बुद्धभूषणनं त्या गोळ्याला बोट लावलं. मग ते बोट त्यानं पँटला पुसलं. हा गोळा उराशी धरून त्यानं रिक्षेत आणला होता. याच्या जोरावर तो त्या गावात गेला होता.

वैजनाथ मग रिक्षेपाशी आले. टपावरचे भोंगे काढून आवाज काढणारं मागचं युनिट उघडलं. आतला पातळ पडदा एका बाजूनं चिरला होता. त्यांनी सांगितलं ते बुद्धभूषणनं नीट डोक्यात घेतलं. भोंगा हा बोलण्यासाठी असतो. ढोलासारखा जाड आवाज त्याच्यात घातला तर तो बाहेर येत नाही, नुसता पडदा फाडतो. मशीनला झेपतं त्याच्यापुढं बटण नेलं की शब्दांच्या कडा तुटतात. उरतो तो खरखराट. आणि एको लावला की मागचा शब्द पुढच्या शब्दावर पडतो.

"जोर बघू नको," वैजनाथ म्हणाले. "जोर तर गाढवात बी असतो. शब्द बघ."

हिंगोलीला जायची तशी गरज नव्हती, पण बुद्धभूषणला गेल्याशिवाय राहवेना. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यानं उघडं मशीन काउंटरवर ठेवलं, गोळा सगळ्यांना दिसेल असं.

मुन्नानं गिऱ्हाइकांकडं पाहिलं, मग मशीनकडं. त्याला लाज वाटली नाही, कंटाळा आला.

"भाऊ, सब ऐसाही आता है," तो म्हणाला. "कम लिखा तो बिकता नहीं. आप भी तो बडा नंबर देखकेच ले गये."

"मी लहान मागितलं व्हतं."

"मांगा था. लिया कौनसा?"

मुन्नानं ड्रॉवर ओढला आणि म्हणाला, चिडू नका, जुनं इथं ठेवा, दुसरं देतो. ड्रॉवरमध्ये स्टिकरच्या पट्ट्या होत्या. आठशे, बाराशे, दोन हजार. सोनेरी, चकचकीत, तिकिटांसारख्या गुंडाळलेल्या. मुन्ना झाकण परत बसवायला त्यातून स्क्रू-ड्रायव्हर शोधत होता आणि पट्ट्या त्याच्या गुटख्यानं रंगलेल्या बोटांना चिकटत होत्या. शेजारचं एक गिऱ्हाईक ते पाहत होतं आणि तरीही त्यानं विचारलं, "दोन हजारवालं कितीला?"

बुद्धभूषण मशीन तिथंच टाकून बाहेर आला. रस्त्याच्या कडेला उभा राहून तो खाकरून थुंकला, आणि थुंकल्याची पुन्हा त्यालाच घाण वाटली.

वैजनाथकाकांनी त्याला तीन साधी मशीनं वापरून बघायला दिली, वीस वॅटचं, चाळीसचं आणि ऐंशीचं. तिन्ही करड्या रंगाच्या पत्र्याच्या पेट्या, दोन-तीन बटणं, एकही दिवा नीट नाही. भोंग्यांची युनिटंही नवी बसवली. रविवारी सकाळी बुद्धभूषण बाळापूरबाहेर सोयाबीनच्या शेताच्या कडंला रिक्षा घेऊन गेला. करुणाला त्यानं वहीपेन देऊन दोनशे पावलांवर उभं केलं. जे ऐकू येईल तेच लिहायचं, अंदाजानं काही नाही. नरसिंगला कुणी बोलावलं नव्हतं. तो फिरायला म्हणून आला आणि बांधावरच्या लिंबाखाली दगडावर बसला.

बुद्धभूषणनं मुद्दाम फसणारे वीस शब्द निवडले होते. सात, साठ, आठ. उकळून, उघडून. पाणी, गाणी. चार वाजता, चारशे जण. वीसचं मशीन शांततेत बरं वाटलं, पण रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तसे करुणाचे पाच शब्द बुडाले. ऐंशीचं लांब गेलं. मात्र बटण पुढं नेलं की युनिटं कुरकुरायला लागली, आणि इंजिन बंद असताना बॅटरीनं असा दम टाकला की रिक्षेचा दिवा पिवळा पडला. चाळीसवर करुणानं वीसपैकी अठरा बराबर लिहिले. जाड आवाजाचं बटण पार खाली केल्यावर वीसच्या वीस.

"हे घ्या," ती लांबूनच ओरडली. "गाणी आणि पाणी येगळं कळून राहिलं."

तेव्हा नरसिंग उठून रिक्षेजवळ आला. त्यानं पेटीकडं पाहिलं नाही.

"मशीन काहीबी घे," तो म्हणाला. "तू थांबत न्हाईस. गाडी चालू, तोंड चालू. माणूस भाकर थापता थापता ऐकणार कसं? तुझा आजा चौकात उभा राहायचा. हलगी वाजवायचा आणि गप व्हायचा. कुत्री भुकायची थांबली की मग बोलायचा. सावकाश. दोनदा. तेच शब्द, त्याच ओळीनं."

बुद्धभूषणनं बटण बंद केलं. बापानं आज्याच्या दवंडीबद्दल कधी नाक न मुरडता सांगितलं नव्हतं.

"चांगला सांगायचा म्हणा की, आजा."

"चांगला सांगायचा," नरसिंग म्हणाला. "म्हणून काम चांगलं व्हत न्हाई. भाकर वरूनच टाकायचे." आणि तो काठी टेकत घराकडं निघाला.

चाळीस वॅटचं मशीन रिक्षेत बसलं. पुढच्याच बाजारात कापडदुकानदारानं तोंड वाकडं केलं. हे काय, शाळा भरवतो काय, म्हणाला, आणि जगनला लावलं. दुसऱ्या एकानं मर्दानी ताकदीच्या औषधाची रेकॉर्ड आणून दिली. असल्या घाणेरड्या बोलण्याला बायका-लेकरांच्या गल्लीत भोंगा देणार नाही म्हणून बुद्धभूषणनं ती परत केली. पूर्वी त्यानं अशा रेकॉर्डी वाजवल्या होत्या, मान खाली घालून. आता ते होईना. काम कमी झालं. हँगर हलवणारा आवाज दिवसभर स्टँडवर घुमत राहिला आणि लोक त्यातच भाव करत, चहा पीत उभे राहिले. कुणालाच त्याचं काही वाटत नाही, याचीच त्याला सगळ्यात जास्त घृणा यायची.

निलमताईंचा फोन पुन्हा आला तेव्हा पितृपंधरवडा लागला होता. त्या गावच्या विहिरीचा गाळ काढून औषध टाकलं होतं, पाणी तपासायला गेलं होतं. अहवाल येईपर्यंत टँकरच चालू राहणार होता आणि त्याची सकाळची वेळ बदलली होती. बुद्धभूषणनं कागद घेतला. त्यानं पहिल्या चौकात रिक्षा उभी केली आणि इंजिन बंद केलं. कोंबड्यांचा कलकलाट संपेपर्यंत थांबला. मग माइक तोंडापासून चार बोटं लांब धरून सावकाश सांगितलं. टँकर सकाळी सात वाजता येईल. आठ नाही, सात. विहिरीचं पाणी अजून पिऊ नका. पुन्हा तेच, त्याच शब्दांत. एक बाई हातातलं पीठ तसंच ठेवून दारात आली, बोटांवर काहीतरी मोजून आत गेली. कुणी हसलं नाही.

गोजरबाईच्या गल्लीत शिरताना त्यानं वेग कमी केला. ओटा रिकामा होता. त्यानं रिक्षा बरोबर त्या ओट्यासमोर उभी केली, पुढं न्यावीशी वाटत होती तरी. दोन वेळा सांगितलं. आवाज नीट निघाला, तरी त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.

आतून म्हातारीचा आवाज आला. ती बाहेर आली नाही.

"ऐकू आलं रे बाबा. सात वाजता. कळलं." मग जरा वेळानं, "जा आता."

बुद्धभूषणनं माइक खाली ठेवला. अजून दोन गल्ल्या राहिल्या होत्या. त्यानं रिक्षा चालू केली आणि पुढच्या वळणावर नेऊन पुन्हा बंद केली.